भरून पावले, पण कुणाकडून?

‘जालना, सोने का पालना’. आमच्या गावात ही म्हण प्रत्येकाला पाठ असते. पुढाऱ्याच्या भाषणात येते, लग्नाच्या पंगतीत येते, परगावच्या पाहुण्याला रिक्षावालाही ऐकवतो. पाळणा सोन्याचा, कारण इथली बाजारपेठ जुनी आणि मोठी. मोसंबी, कापूस, बियाणांच्या कंपन्या, सळयांचे कारखाने. पुण्यातल्या ऑफिसात मीही ही म्हण मिरवली आहे. पाळणा सोन्याचा असला तरी आपोआप हलत नाही, दोरीवर कुणाचा तरी हात असतो, ही साधी गोष्ट मात्र माझ्या डोक्यात सत्ताविसाव्या वर्षी आली. तीही पाळण्याजवळ नाही, दादीच्या पलंगाजवळ.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात दादी न्हाणीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा धड चालली नाही. जुन्या जालन्यातल्या आमच्या दोन खोल्यांपैकी पुढची खोली अम्मीच्या शिलाई मशीनची. तिथंच दादीचा पलंग लागला. दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होतात. भांडं देणं, पुसणं, औषधं, पातळ खिचडी, रात्री तीन वेळा उठणं. मी तेव्हा घरूनच काम करत होते. हेडफोन लावून मागच्या खोलीत कॉलवर असायचे आणि पुढच्या खोलीत अम्मी दादीला एकटी उचलत असायची. भाऊ संभाजीनगरला नोकरीला. दर रविवारी यायचा, येताना मोसंबी आणायचा. जालन्याला मोसंबी! तरी सगळी गल्ली म्हणायची, पोरगा किती करतो बघा.

मग कंपनीचा मेल आला: आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला या. मी मॅनेजरकडे सहा महिन्यांची सवलत मागितली. माणूस वाईट नव्हता. सहज विचारल्यासारखं त्याने विचारलं, ‘पण तुझी आई घरी असतेच ना?’

मला उत्तर सुचलं नाही. कारण चार वर्षं इंजिनिअरिंग करताना आणि नंतर नोकरी करताना मीही हेच धरून चालले होते. अम्मी घरी असतेच.

पुढे मी राजीनामा दिला आणि अकरा महिने घरी राहिले. रात्री दादीजवळ जागायची पाळी माझी झाली. त्या रात्री मी तीन पुस्तकं वाचली. तिन्ही मराठीतली गाजलेली, तिन्ही अल्पसंख्याक समाजातल्या बायकांची. (अल्पसंख्याक म्हटलं की आपल्याकडे फक्त मुसलमान डोळ्यांसमोर येतात. १९९३ च्या केंद्राच्या अधिसूचनेत बौद्धही आहेत.) तिन्ही पुस्तकांवर मी आधी लेख वाचलेले होते. जात, धर्म, चळवळ, बंड या सगळ्याबद्दल त्यांत लिहिलं होतं. पण या बायकांनी कमाईचं काम कधी केलं, कुठं केलं, त्या वेळी पोरांकडे आणि आजाऱ्याकडे कोण बघत होतं, हा प्रश्न क्वचितच कुणी विचारला होता. पलंगाशेजारी बसून वाचताना मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

पावती

पहिलं पुस्तक मेहरुन्निसा दलवाई यांचं, ‘मी भरून पावले आहे’. १९९५ सालचं. हमीद दलवाई आपल्याला माहीत असतात: १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मंत्रालयावर (तेव्हाच्या सचिवालयावर) नेणारे, २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करणारे, ३ मे १९७७ ला जेमतेम चव्वेचाळिसाव्या वर्षी मूत्रपिंडाच्या आजाराने गेलेले. मेहरुन्निसा त्यांच्या पत्नी. चळवळीचा माणूस पूर्णवेळ चळवळीत, तेव्हा घर मेहरुन्निसांच्या नोकरीवर चाललं. दोन मुली, येणारे-जाणारे कार्यकर्ते, समाजाचा रोष, शेवटी नवऱ्याचं लांबलेलं आजारपण आणि या सगळ्यातून रोज ऑफिस.

पुस्तकाची भाषा साधी आहे, बोलल्यासारखी. तक्रारीचा सूर जवळजवळ नाही. आठवणींमागून आठवणी येतात आणि जवळपास प्रत्येकीच्या मधोमध हमीद असतात. समीक्षेच्या नेहमीच्या चष्म्यातून हा दोष ठरेल: आत्मकथन स्वतःचं, नायक नवरा. मलाही पहिल्या पन्नास पानांत तसंच वाटलं. नंतर मी कडेकडेने वाचायला लागले. पगार कधी येतो, मुली कुणाजवळ राहतात, दवाखान्यात कोण थांबतं. मग लक्षात आलं की चळवळीच्या इतिहासाचं एक दुसरं हिशेबपुस्तक इथं समासात लिहिलेलं आहे. महाराष्ट्रातल्या मुस्लिम समाजसुधारणेच्या एका मोठ्या पर्वाला देणगीदार कोण, असं विचारलं तर एका नोकरदार बाईचा महिन्याचा पगार आणि तिचे पगाराबाहेरचे तास, हे त्याचं एक उत्तर आहे.

आता शीर्षक बघा. ‘भरून पावले’ हा भावनेचा शब्द वाटतो, कृतार्थ झाले अशा अर्थाचा. पण तो मुळात व्यवहारातला आहे. जुन्या पावत्यांवर, खरेदीखतांवर असतो: रक्कम भरून पावली, आता काही तक्रार नाही. पावती घेणाऱ्याने देणाऱ्याला द्यायची असते. म्हणजे या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एका बाईने आयुष्याला पावती लिहून दिली आहे की मला माझं सगळं मिळालं. ती पावती खरी आहे. त्यांचं समाधान खोटं ठरवण्याचा अधिकार मला नाही. त्यांनी हे आयुष्य निवडलं होतं, नवऱ्यामागे मंडळाचं काम पुढे नेलं, कोल्हापूर ते नागपूरच्या तलाक मुक्ती मोर्चात त्या होत्या. माझा प्रश्न दुसऱ्या बाजूचा आहे. जे त्यांनी दिलं, त्याची पावती कुणी फाडली? चळवळीने? घराने? आपण वाचकांनी?

आणखी एक गोष्ट हे पुस्तक न सांगता सांगतं. मुस्लिम बाईच्या नोकरीआड धर्म येतो, असं आपण पटकन बोलून जातो. इथं तर धर्मातल्या रूढींवर सर्वांत कडक बोलणारं घर होतं. तलाकविरुद्ध, बहुपत्नीत्वाविरुद्ध, समान नागरी कायद्याच्या बाजूने. त्या घरातही आजारपण, मुली आणि पाहुणे यांची वाटणी बऱ्याच अंशी जुन्याच पद्धतीने झाली. रूढी मोडणं आणि घरातलं काम वाटून घेणं या दोन वेगळ्या लढाया आहेत. पहिली लढाई जिंकायला निघालेल्यांना दुसरी दिसेलच असं नाही.

गल्ला

दुसरं पुस्तक बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’. फलटणच्या. १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आलं, १९८६ मध्ये पुस्तक झालं. दलित स्त्रीच्या आत्मकथनांतलं अगदी सुरुवातीचं म्हणून ते सगळीकडे अभ्यासाला असतं. महारवाड्यातली भूक, अंधश्रद्धा, बाळंतिणीचे हाल, कोवळ्या सुनांचा सासुरवास, मग बाबासाहेबांची हाक आणि उठलेला समाज. ही बाई ‘मी’ असं फार कमी म्हणते. तिचं सर्वनाम ‘आम्ही’ आहे.

पण हे पुस्तक लिहिलं कसं गेलं, याची हकिगत मला पुस्तकाइतकीच महत्त्वाची वाटते. बेबीताई आणि त्यांचे पती छोटं दुकान चालवायचे. बेबीताई गल्ल्यावर बसायच्या. माल बांधायला रद्दी यायची आणि त्या रद्दीच्या कागदांवरचा मजकूर त्या वाचायच्या. गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहायच्या. लिहिलेलं नवऱ्यापासून आणि मुलापासून लपवून ठेवायच्या, थोडेथोडके दिवस नाही, वीसेक वर्षं. फलटणला राहिलेल्या अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांना त्या लिखाणाचा पत्ता लागला आणि ते उजेडात आलं.

मी इंजिनिअर आहे, त्यामुळे मला यात आधी कामाची रचना दिसते. गल्ला ही अशी जागा आहे जिथं बाई कमावते आहे आणि त्याच वेळी घर तिच्या हाकेच्या अंतरावर आहे. पोर रडलं तर उठता येतं, भात करपला तर वास येतो. म्हणूनच ती जागा बाईला मिळते. पण त्याच कारणाने त्या जागेवर सलग एक तास मिळत नाही. बेबीताईंच्या पुस्तकाचे तुकडे-तुकडे, एका विषयातून दुसऱ्यात जाणं, मध्येच थांबणं, पुन्हा उचलणं याला समीक्षक मौखिक परंपरेची शैली म्हणतात. असेलही. पण ती गल्ल्यावरची शैलीही आहे. दर पाच मिनिटांनी कुणी तरी ‘पावशेर साखर द्या’ म्हणत असेल, तर वाक्यही पावशेरच निघणार.

आणि तो ‘आम्ही’. समाजाचं दुःख मोठं, त्यापुढे माझं काय, असं बेबीताईंचं म्हणणं. स्वतःच्या संसारात त्यांनी मारही सोसला, हे त्यांनी इंग्रजी अनुवादक माया पंडित यांच्याशी बोलताना सांगितलं; पुस्तकात ते नाही. याचा मला राग येत नाही. ज्या समाजाकडे बोट दाखवायला सगळं गाव टपलेलं आहे, त्या समाजातली बाई घरातलं उणं बाहेर सांगताना दहा वेळा विचार करणारच. मी हा लेख लिहितानाही केला. भावाच्या मोसंबीबद्दल लिहू की नको? ‘बघा, मुसलमानांत असंच असतं’ असं कुणीतरी म्हणेल. बहुसंख्य समाजातल्या मुलीने भावाची तक्रार केली तर ती भावाची तक्रार असते. आमची तक्रार लगेच समाजाचा पुरावा होते. त्यामुळे घरातला हिशेब मांडायलाच आम्हाला जास्त खर्च येतो.

आधी घरचं, मग एमए

तिसऱ्या पुस्तकात हा खर्च केलेला आहे. उर्मिला पवार यांचं ‘आयदान’, २००३. आयदान म्हणजे बांबूची विणलेली वस्तू: सूप, टोपली, रोवळी. रत्नागिरीजवळच्या फणसवळ्यात वडील गेल्यावर आईने आयदानं विणून पोरं वाढवली. पुस्तकाच्या सुरुवातीलाच गावातल्या बायका डोक्यावर ओझी घेऊन डोंगरवाटेने रत्नागिरीच्या बाजाराला निघतात. घरी परतल्यावर दुसरी पाळी सुरू होणार हे त्या बायकांनाही माहीत असतं आणि आपल्यालाही.

उर्मिलाताई शिकल्या, सरकारी नोकरीत लागल्या, लग्न होऊन मुंबईला आल्या. आईच्या आणि त्यांच्या आयुष्यात आंबेडकरी चळवळीने केवढं अंतर पाडलं ते पुस्तक अभिमानाने दाखवतं. आणि मग ते पुस्तक एक अवघड गोष्ट करतं. लेखिकेला मराठीत एमए करायचं असतं. नवरा शिकलेला, त्याच चळवळीच्या संस्कारातला. त्याचं म्हणणं असं, की आधी घरातलं सगळं कर, मुलांचं बघ, मग काय ते शिक. तो खलनायक नाही. उर्मिलाताई त्याला खलनायक करतही नाहीत, हीच या पुस्तकाची ताकद. त्याला फक्त एवढंच वाटतं की बायकोचा वेळ आधी घराचा आहे आणि उरला तर तिचा.

‘आधी घरचं, मग एमए’ ही अट वाचून मला माझ्या मॅनेजरचं वाक्य आठवलं. दोघांचंही गृहीतक एकच. फरक एवढाच की उर्मिला पवार यांच्याकडून नोकरी करूनही घर पूर्ण हवं होतं आणि माझ्या अम्मीला नोकरी नाही म्हणून घर आपोआप पूर्ण धरलं होतं.

तिन्ही पुस्तकांत ‘आयदान’ मला सर्वांत पुढचं वाटतं ते याच कारणाने. बेबीताई ‘आम्ही’त स्वतःला झाकतात, मेहरुन्निसा कृतज्ञतेत झाकतात. उर्मिला पवार ‘मी’ म्हणतात आणि वेळेचा हिशेब मागतात, तोही आपल्याच माणसांकडे. पण एका बाबतीत ‘आयदान’ही मला अपुरं वाटलं. शिक्षणाने आणि नोकरीने वाट सुटते असा विश्वास त्याच्या तळाशी आहे. तो त्यांच्या पिढीचा खरा अनुभव आहे, कारण सरकारी नोकरी होती. माझ्या पिढीकडे कंत्राट आहे, पॅकेज आहे, नोटीस पीरियड आहे. शिक्षण मीही घेतलं. दादीचा खुबा मोडला आणि तीन महिन्यांत मी बाहेर.

नॉन-बिलेबल

आता पुस्तकं मिटून जालन्याला येते. कारण पुस्तकांतली जागा आणि आमची पुढची खोली यांत मला फार फरक दिसत नाही.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात एक आकडा आहे. कमाईचं काम करणाऱ्या मुस्लिम स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रिया स्वतःच्या घरातच बसून ते काम करतात. सगळ्या कामकरी स्त्रियांत हेच प्रमाण ५१ टक्के. हा आकडा जुना आहे, पण आमच्या गल्लीत फिरा. फॉल-पिको, ब्लाउज, दुपट्ट्याला लेस लावणं, पापड, शिकवण्या. सगळं दाराच्या आत. बाहेरून बघणारा म्हणतो, त्यांच्यात बायकांना बाहेर सोडत नाहीत. काही घरांत हे खरं आहे, मी नाकारणार नाही. पण अम्मीला कुणी अडवलं नव्हतं. माझ्या जन्मानंतर तिला एका रेडिमेडच्या वर्कशॉपमध्ये काम मिळत होतं. मला कुणाजवळ ठेवायचं, याचं उत्तर नव्हतं. मग भाऊ झाला, मग दादा आजारी पडले, मग दादी. प्रत्येक वेळी मशीन घरातच राहिली. बाहेरून जी रूढी दिसते, ती आतून पाहिली तर पुष्कळदा पाळीचं वेळापत्रक असतं.

दुसरी गोष्ट अंतराची. माझं काम पुण्यात, दादी जालन्यात. माझ्या हिंदू मैत्रिणींपैकी दोघींनी अशा वेळी आई-वडिलांना पुण्यात आणलं, दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला, दिवसा बाई ठेवली. मीही बघितले फ्लॅट. फोनवर भाडं ठरायचं, नाव सांगितलं की ‘मालक जरा विचार करून सांगतो’. एकट्या मुलीला पीजीत जागा मिळते. बुरख्यातल्या आईला आणि पलंगावरच्या दादीला घेऊन यायचं म्हटलं की सोसायटीचे नियम आठवतात. घर न मिळणं हा नुसता अपमान नाही. त्यामुळे सेवा एका गावात अडकते, नोकरी दुसऱ्या गावात राहते आणि मधल्या ट्रॅव्हल्सच्या रात्री कुणाच्याच हिशेबात येत नाहीत.

आणि जी ‘दिवसा बाई’ म्हणते, ती तरी कोण? त्या मैत्रिणीच्या घरी आजोबांना सांभाळायला येणारी मावशी आमच्याच जिल्ह्यातली निघाली, अंबड तालुक्यातली. बौद्ध. बारा तासांची पाळी. तिची पोरं गावी तिच्या आईजवळ. म्हणजे पुण्यातल्या एका इंजिनिअर मुलीची नोकरी टिकली, कारण अंबडची एक बाई आली. ती बाई येऊ शकली, कारण तिची म्हातारी आई फुकट नातवंडं सांभाळते. या साखळीत एका कडीला पगार आहे, एकीला मजुरी आहे, शेवटच्या कडीला काहीच नाही.

देशाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत हे मिनिटांत मोजलं आहे. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. सांभाळण्याची, शुश्रूषेची कामं करणाऱ्या बायका त्यावर १३७ मिनिटं, पुरुष ७५. जनगणनेत मात्र फक्त घरकाम करणारी बाई ‘काम न करणाऱ्यां’त मोडते. कायद्यातही तिला जागा नाही. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली, ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघर सक्तीचं झालं. चांगलंच झालं. अम्मीच्या कारखान्यात कामगार एकच आहे आणि पाळणाघर, दवाखाना, स्वयंपाकघर सगळं त्याच खोलीत आहे.

आमच्या कंपनीत दर शुक्रवारी टाइमशीट भरावी लागायची. काही तास बिलेबल, म्हणजे क्लायंट पैसे देणार. काही नॉन-बिलेबल: मीटिंग, ट्रेनिंग, नव्या मुलाला शिकवणं. नॉन-बिलेबल तासांना कुणी फार किंमत देत नाही, पण त्यांना टाइमशीटमध्ये एक ओळ तरी असते. अम्मीच्या तासांना ओळच नाही. मराठीत तर आपण शब्दही असेच निवडले आहेत. अंगणवाडीच्या ताईंना, आशा कार्यकर्तीला वेतन नाही, ‘मानधन’. घरातल्या कामाला काम नाही, ‘सेवा’. आणि ती करणारीबद्दल विचारलं तर ‘काही करत नाही, घरीच असते’.

प्रेमाचा हिशेब

इथं एक आक्षेप येणारच. दादीची सेवा प्रेमाने केली जाते, तिचा हिशेब मांडला तर प्रेम कुठं राहिलं? हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. मला दादीची वेणी घालायला आवडायचं. ती त्या वेळी निजामाच्या काळातल्या गोष्टी सांगायची, त्या मला एरवी कधी कळल्या नसत्या. ते अकरा महिने मी कशाच्याही बदल्यात परत देणार नाही. पण शिक्षकाला पगार मिळतो म्हणून त्याची पोरांवरची माया खोटी ठरत नाही. हिशेब मांडल्याने प्रेम आटत नाही. आपण हिशेब टाळतो ते प्रेम वाचवायला कमी आणि वाटणी टाळायला जास्त. आमच्यात म्हणतात, जन्नत आईच्या पायाखाली असते. तसं असेल तर ते पाय चेपायला भावालाही यायला हवं. जन्नत काही फक्त मुलींसाठी राखीव नाही.

म्हणून समीक्षेकडून माझी मागणी छोटी आहे. आपण या पुस्तकांना सोशिकतेची, त्यागाची, बंडाची पुस्तकं म्हणून वाचली. आता ती कामाची पुस्तकं म्हणूनही वाचू या. लेखिका कुठं बसून लिहीत होती, तेव्हा पोरं कुठं होती, आजारी माणसाला कोण वळवत होतं, हे प्रश्न चरित्राच्या तळटिपेत ढकलू नयेत. पुस्तकाची लांबी, त्याचे तुकडे, त्यातली मौनं, इतकंच काय त्याचं प्रकाशनाचं वर्षही त्या प्रश्नांनी ठरलेलं असतं. बेबीताईंचं पुस्तक वीस वर्षं उशिरा आलं, ते प्रतिभा कमी पडली म्हणून नाही. आणि किती पुस्तकं आलीच नाहीत?

दादी गेल्या वर्षी रमजानच्या आधी गेली. मला नवी नोकरी लागली, आधीपेक्षा कमी पगाराची. मुलाखतीत तिघांनी विचारलं, ‘हा अकरा महिन्यांचा गॅप कशाचा?’ रेझ्युमेमध्ये मी तिथं काय लिहावं ते अजून ठरलेलं नाही.

एका सुट्टीत अम्मीला मेहरुन्निसांच्या पुस्तकातली काही पानं वाचून दाखवली. तिचं शिक्षण उर्दू शाळेत सातवीपर्यंत. मराठी समजतं, वाचायला वेळ लागतो. नवऱ्याच्या आजारपणाचा भाग आला तेव्हा तिने मशीन थांबवली. बराच वेळ ऐकत राहिली. मग विचारलं, ‘उसको पगार तो मिलता था ना?’ मी म्हटलं, हो. ‘फिर अच्छा था,’ म्हणाली आणि पायडलवर पाय ठेवला.

त्या दिवशी मी तिची वही मागून घेतली. शंभर पानी, गिऱ्हाइकांची. नावं उर्दूत, मापं इंचांत, आकडे मराठीत. तारीख, ब्लाउज, अस्तर, पैसे, ‘दिए’ किंवा ‘बाकी’. सणांच्या आधीची पानं गच्च भरलेली. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैपासून मात्र ओळी विरळ होत जातात. एका पानावर तीनच नावं. पुढे सलग सोळा दिवस एकही नोंद नाही; फक्त तारखा घातलेल्या आहेत आणि पुढची जागा मोकळी आहे. तारखा का घातल्यास, विचारलं. म्हणाली, काम येईल असं वाटायचं.

मी पेन्सिल घेतली. त्या सोळा रिकाम्या तारखांपुढे काय काय झालं होतं ते ती आठवून सांगत गेली आणि मी लिहीत गेले. दोन ओळी पुरेनात, म्हणून समासातही लिहिलं.